बोटीसाठी डीप सायकल बॅटरी: एकाच बोटीत चार सेट वापरून झाल्यावरचा माझा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. बॅटरी घेताना सगळेजण विचारतात किती एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) घेऊ, आणि मी पण पहिल्यांदा तेच विचारलं होतं. पण खरा प्रश्न तो नाहीच. तुमची बोट उभी कुठे असते आणि बॅटरी परत भरणार कशाने, हा आहे. हे ठरलं की फ्लडेड (पाणी टाकावी लागणारी साधी शिशाची), एजीएम (शिशाचीच पण सीलबंद) की लिथियम याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं, आणि हे न ठरवता घेतलेली चांगल्यातली चांगली बॅटरी पण दोन-अडीच सीझनमध्ये बसते. माझी बसलीये म्हणून एवढं ठासून लिहितोय.

बोट तीस फुटी, शिडाची. मागच्या बर्थखाली बॅटऱ्यांचा कप्पा, तो चारही वेळा तोच. वायरिंग मधे बदललं, फ्रीज मात्र तोच आहे. म्हणजे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे.

पहिला सेट म्हणजे दोन 'लेझर' (leisure, laser नव्हे) बॅटऱ्या, सीलबंद, वर मोठ्या अक्षरात ११० एएच. कंपनीचं नाव घेत नाही कारण असा माल विकणारी ती एकटी नाही. दुकानदार म्हणाला हीच घ्या, बोटवाले सगळे हीच नेतात. आणल्या, बसवल्या, पहिला सीझन ठीक गेला. दुसऱ्या सीझनला एका खाडीत नांगर टाकून झोपलो होतो, पहाटे तीनच्या सुमाराला फ्रीजच्या आवाजाने जाग आली. कॉम्प्रेसर टक करून सुरू व्हायचा, दोन सेकंदांत बंद, मिनिटभराने परत टक. मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. वर जाऊन बघितलं तर नांगराचा दिवा पिवळट पडलेला, आणि खाडीत मासेमारीच्या होड्यांची रात्रभर ये-जा. तिथे मला खरी भीती वाटली. फ्रीज बंद झाला तर जेवण जाईल, पण अंधारात नांगरावरच्या बोटीचा दिवा गेला तर कोणी येऊन आदळेल ना. सगळं बंद करून फक्त तो एक दिवा चालू ठेवला आणि उजाडेपर्यंत वर बसून राहिलो.

नंतर शोधून काढलं काय झालं ते. त्या बॅटऱ्या मुळात स्टार्टर बॅटरीच होत्या, किंवा तिच्या अगदी जवळच्या. स्टार्टर बॅटरीत प्लेटा पातळ आणि भरपूर असतात, म्हणजे इंजिन फिरवायला दोन-चार सेकंद जबरदस्त करंट देता यावा. डीप सायकलमध्ये प्लेटा जाड आणि कमी, थोडा थोडा करंट तासन्‌तास द्यायला. पातळ प्लेटवाल्या बॅटरीतून रोज निम्मी पॉवर काढली की प्लेटवरचा मसाला सुटून खाली पडायला लागतो आणि मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही. लेबलवर एएचच्या शेजारी सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंगचा मोठा आकडा अभिमानाने छापलेला असेल तर समजायचं की ही इंजिनसाठी किंवा फार तर दोन्हीकडे थोडी थोडी चालणारी आहे. खऱ्या डीप सायकलच्या डेटाशीटमध्ये वेगळी माहिती असते: २० तासांच्या दराने (म्हणजे २० तासांत हळूहळू उतरवली तर) किती एएच, ५ तासांच्या दराने किती, आणि किती टक्के उतरवली तर किती सायकल (एकदा उतरवून परत भरली की एक) टिकेल.

अजून एक सोपी परीक्षा, दुकानात उभ्या उभ्या करता येते. उचलून बघा. लेड-ॲसिडमध्ये पॉवर म्हणजे शिसं, आणि शिशाला वजन असतंच. खरी १००-११० एएचची डीप सायकल साधारण २७ ते ३० किलो भरते. माझ्या त्या दोन प्रत्येकी २० किलोच्या आसपास होत्या. बाकी कसलीही माहिती नसताना नुसत्या काट्यावर ठेवल्या असत्या तरी कळलं असतं.

त्यानंतर मी एक काम केलं जे आधी करायला हवं होतं. एक संध्याकाळ वही घेऊन बसलो आणि बोटीवरची प्रत्येक वस्तू किती अँपिअर खाते आणि दिवसात किती तास चालते ते लिहून काढलं. फ्रीज चालू असताना साडेचार अँपिअर घेतो पण तो दिवसातला निम्माच वेळ चालतो, म्हणजे ५० एएच, आणि हा एकटाच निम्मं खातो हे बघून मी चाट पडलो. ऑटोपायलट सहा तास म्हणजे १५, प्लॉटर (नकाशाचा स्क्रीन) ७, व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकण्यावर ५ (बोलताना पूर्ण पॉवरला पाच-सहा अँपिअर ओढतो पण बोलणं असतं किती), केबिनचे एलईडी ४, नांगराचा दिवा एलईडी केल्यावर रात्रभराचे २, पाण्याचा पंप १, फोन आणि लॅपटॉप १२. बेरीज ९६. समजा दिवसाला १०० एएच.

आता लेड-ॲसिड कुठलीही असो, निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळला तर ती टिकते. म्हणजे दोन दिवस चार्जिंग नाही असं धरलं तर लागणार २००, आणि त्याच्यासाठी बँक, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या मिळून, पाहिजे ४०० ची. लिथियममधून ८० टक्के बिनधास्त काढता येते म्हणून तिथे २५० पुरते. हा हिशोब तुमच्या बोटीचा तुम्हीच करा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. ज्यांच्याकडे फ्रीजच नाही त्यांचं ३० एएचमध्ये भागतं आणि त्यांना यातलं निम्मं लिहिलेलं लागूच होत नाही.

दुसरा सेट ट्रोजन टी-१०५. ही गोल्फ कार्टची बॅटरी, ६ व्होल्टची, दोन सिरीजमध्ये जोडल्या की १२. मी चार घेतल्या, दोन-दोनच्या दोन जोड्या, एकूण ४५० एएच. एकेक बॅटरी २८ किलोची, म्हणजे कप्प्यात एकदम एकशे बारा किलो, आणि उंची २८ सेंटीमीटर असल्यामुळे बर्थची फळी दोन इंच वर उचलून घ्यावी लागली. ते सुतारकाम दोन दिवस चाललं. पण बॅटरी म्हणून सांगतो, दणकट म्हणजे किती दणकट. सहा सीझन चालल्या. मधे एकदा बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसतो तो) फ्लोट स्विच अडकून पंप चार दिवस चालू राहिला आणि बॅटऱ्या पार १०.५ पर्यंत उतरल्या, तरी नीट हळूहळू चार्ज केल्यावर उठल्या.

कंपनीच्या कागदावर एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली असते ती मला आवडते, २० तासांच्या दराने २२५ एएच, ५ तासांच्या दराने १८५. बॅटरी तीच, पण घाईने काढायला गेलात तर चाळीस एएच कमी मिळतात. लेड-ॲसिडचा हा स्वभावच आहे. म्हणून ज्यांना इन्व्हर्टरवर केटल नाहीतर मायक्रोवेव्ह चालवायचाय त्यांनी लेबलवरचा आकडा पूर्ण मिळेल ही आशा सोडायची.

फ्लडेडची सेवा मात्र करावी लागते. महिन्याला एकदा झाकणं उघडून पाणी बघायचं, डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, नळाचं नाही, आणि तेही चार्ज पूर्ण झाल्यावर, कारण चार्ज होताना ॲसिड वर चढतं आणि आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढं मात्र चार्जच्या आधी, प्लेटा बुडण्यापुरतं. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायची काचेची नळी) घ्याच. स्वस्त वस्तू आहे आणि व्होल्टमीटरपेक्षा खरं बोलते. मी दर वेळी सगळे बारा सेल मोजून वहीत लिहायचो. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२७ च्या जवळ पाहिजे, निम्मी उतरली की १.१९ च्या आसपास. पाचव्या सीझनला एक सेल सारखा मागे पडायला लागला, बाकी सगळे १.२६ आणि हा १.२१. बर्थची फळी बाजूला, तोंडात टॉर्च, गुडघ्यावर बसलोय, काचेच्या नळीत तो फ्लोट बाकी सगळीकडे वर तरंगतोय आणि या एकाच सेलला खाली खाली जातोय. सगळं कळतं तिथे. इक्वलाइझ चार्ज दिला, म्हणजे मुद्दाम साडेपंधरा व्होल्टच्या वर नेऊन तीन तास ठेवलं, तेव्हा तो १.२५ पर्यंत आला आणि अजून दीड वर्ष चालला. सीलबंद बॅटरीत हा सेल दिसलाच नसता.

इक्वलाइझ करताना बोटीची बाकी सगळी इलेक्ट्रॉनिक्स आधी बंद करायची, एवढा व्होल्टेज प्लॉटरला सोसत नाही. आणि हॅचेस, म्हणजे डेकवरची झाकणं, उघडी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो, म्हणून कप्प्याला वरच्या बाजूने हवा जायला वाट हवीच, हायड्रोजन हलका असतो तो वरच जमतो. दुसरा धोका समुद्राच्या पाण्याचा. बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद केबिनमध्ये तो जीवघेणा आहे. बॅटऱ्या बॉक्समध्ये, पट्ट्याने आवळून, बिल्जच्या पाण्यापासून वर, याच्यात तडजोड नको. शिडाची बोट तर बाजूला कलतेच, तीस अंशाला कलल्यावर २८ किलोची वस्तू सुटली तर काय करेल विचार करा. मी प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवून बघतो, इंचभर जरी सरकली तरी पट्टा बदलतो.

तर इतकं कौतुक केलं तर मग बदलल्या का? सहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या, एवढंच. आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली.

त्याच वर्षी बोटीची जागा बदलली होती. आधी बोट जेट्टीला बांधलेली असायची, तिथे शोअर पॉवर, म्हणजे किनाऱ्यावरची वीज, जेट्टीला परत आलो की चार्जर लावायचा आणि बॅटऱ्या आठवडाभर आरामात भरत बसायच्या. नवीन जागा म्हणजे मूरिंग बोया. पाण्यात मधोमध, वीज नाही. आणि मी विचार केला की आता जरा बरं काहीतरी घेऊ, पाणी टाकायची कटकट नको, म्हणून एजीएम घेतल्या. चांगल्या कंपनीच्या, वजनदार, ४०० एएच. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या लोकरीसारख्या चटईत शोषलेलं असतं, सांडत नाही, आडवी झाली तरी चालते, स्वतःहून उतरतही कमी, महिन्याला दोन-तीन टक्के. करंट पण पटापट घेते. सगळे गुण खरे आहेत. तरी अडीच सीझनमध्ये गेल्या. ४०० पैकी जेमतेम १५० उरले होते.

दोष बॅटरीचा नव्हता हे मी स्पष्ट लिहितो. लेड-ॲसिड, मग ती फ्लडेड असो एजीएम असो जेल असो, तिला अधूनमधून शंभर टक्के भरावंच लागतं. उतरलेल्या प्लेटवर लेड सल्फेट जमतं, लगेच चार्ज केलं तर ते विरघळून परत कामाला येतं, पण तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं की त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग ते हटत नाहीत. आता गंमत बघा, निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी पटकन भरते, पण शेवटचे वीस टक्के भरायला चार-पाच तास लागतात कारण बॅटरी स्वतःच कमी कमी करंट घेत जाते. तुम्ही कितीही मोठा अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा, बॅटरी भरणारा जनरेटर) लावा, त्या शेवटच्या वीस टक्क्यांना घाई नसते. बोयावरून निघताना अर्धा तास इंजिन, परत येताना अर्धा तास इंजिन, छतावर २०० वॉटचं सोलर जे चांगल्या उन्हात दिवसाला ५०-६० एएच देतं, आणि फ्रीज खातोय ५०. म्हणजे माझ्या एजीएम अडीच वर्षं ५० आणि ८० टक्क्यांच्या मधे झोके घेत राहिल्या. एकदाही पूर्ण भरल्या नाहीत. टी-१०५ सहा वर्षं टिकल्या त्यात जेट्टीवरच्या त्या चार्जरचा वाटा निम्म्याहून जास्त होता, हे मला एजीएम मेल्यावर समजलं.

फ्लडेडपेक्षा एजीएम याबाबतीत जास्त नाजूक निघाली, कारण इक्वलाइझ करून सावरायची सोय बहुतेक एजीएमला नसते, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. जेलबद्दल (हिच्यात ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेलं असतं) दोन वाक्यं: मी स्वतः वापरली नाही, शेजारच्या बोटीवर दहा वर्षं चाललेली बघितलीये, पण तिला चार्जिंग व्होल्टेज कमी लागतं, बहुतेक १४.१ ते १४.४ च्या मधे, आणि चार्जर चुकीच्या सेटिंगवर राहिला तर जेलमध्ये बुडबुडे होऊन कायमची खराब होते. ज्यांचा चार्जर जुना, सेटिंग बदलता न येणारा, त्यांनी लांब राहिलेलं बरं.

चौथा सेट, आता चालू आहे तो, लिथियम. लिथियम म्हटलं की लोक आगीला घाबरतात म्हणून आधी हे सांगतो, बोटीवर जी वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. मोबाइल-लॅपटॉपमध्ये सहसा असते ती कोबाल्टवाली वेगळी. एलएफपी तापमानाला बरीच जास्त स्थिर आहे. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार सेल सिरीजमध्ये म्हणजे १२.८. मी १५० एएचच्या दोन घेतल्या, दोन्ही मिळून पस्तीसेक किलो. टी-१०५ च्या एकशे बारा किलोच्या जागी पस्तीस. बोट मागच्या बाजूला पाण्यात जी बसायची ती बसायची थांबली, शिडावर लगेच जाणवलं.

माझ्या बोयावरच्या परिस्थितीसाठी ही बॅटरी म्हणजे औषध आहे, आणि कारण एकच. हिला पूर्ण भरायची गरजच नाही. अर्धवट भरलेली ठेवली तर उलट बरं असतं. सोलरने ५५ दिले तर ५५ च्या ५५ जवळपास परत मिळतात, लेडमध्ये १०० काढले तर ११०-११५ घालावे लागायचे. आणि करंट शेवटपर्यंत तसाच घेते, शेवटच्या वीस टक्क्यांचं ते रडगाणं नाही. चार सीझन झाले, कपॅसिटीत मोजण्यासारखा फरक नाही. कंपन्या ८० टक्के उतरवून दोन-तीन हजार सायकल सांगतात, माझ्या आतापर्यंत चारशेही झाल्या नसतील, तेव्हा त्या दाव्यावर मी अजून काही बोलत नाही.

पण बाबांनो, ही 'जुनी काढली नवी ठेवली' अशी बदलायची वस्तू नाही. दुकानदार तसं सांगतात, ऐकू नका. मी पहिल्या दिवशी तशीच जोडली आणि इंजिन चालू केलं. वीस मिनिटांत गरम वार्निशचा वास. इंजिनचं झाकण उघडून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर अल्टरनेटर ११८ डिग्री. लेड बॅटरी थोड्या वेळाने स्वतःच करंट कमी करते, त्यामुळे अल्टरनेटरला दम खायला मिळतो, लिथियम मात्र देशील तेवढं घेते आणि ८० अँपिअरचा साधा अल्टरनेटर तासभर फुल लोडवर चालायला बनवलेलाच नसतो. दुसरं, लिथियमच्या आत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, राखणदार सर्किट) असतो, तो काही गडबड दिसली की बॅटरी तोडून टाकतो, साधारण सेलला ३.६५ व्होल्टच्या वर गेलं की. चालू अल्टरनेटरपासून बॅटरी अचानक सुटली तर व्होल्टेज उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड जातात, सोबत प्लॉटर-बिटर पण जाऊ शकतात. दोन्हीवर उपाय मी एकच केला, अल्टरनेटर सरळ स्टार्टर बॅटरीला, आणि तिथून ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने लिथियमला. करंट ३० वरच राहतो, अल्टरनेटर थंड, आणि बीएमएसने तोडलं तरी अल्टरनेटरसमोर लेडची स्टार्टर बॅटरी असतेच. इंजिनची बॅटरी वेगळी ठेवायचीच, कुठलाही सेट घेतलात तरी. दिवे-फ्रीजची बँक झोपली तरी इंजिन सुरू झालं पाहिजे.

थंड पाण्यात फिरणाऱ्यांसाठी, शून्य डिग्रीच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही, सेलमध्ये धातूचं लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. वापरता येते, भरता येत नाही. चांगल्या बीएमएसमध्ये लो टेम्परेचर कटऑफ असतो, घेताना नुसतं 'आहे' म्हणाले यावर थांबू नका, कागदावर दाखवा म्हणा. तसंच बीएमएस सलग किती अँपिअर देतो ते बघा. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला १८० च्या वर अँपिअर ओढतो आणि १०० अँपिअरचा बीएमएस असेल तर केटल लावली की बोटीवर अंधार.

फ्यूजबद्दल. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, साधा फ्यूज वितळूनही आतल्या आत आर्क चालू राहू शकतो. म्हणून क्लास टी फ्यूज, जो २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हला जितका जवळ बसेल तितका जवळ. माझा एक वीतभर अंतरावर आहे.

लिथियमची खरेदी करताना माझा एक वाईट अनुभव पण सांगतो. पहिल्यांदा मागवलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक फसवी निघाली. मी बसवायच्या आधी टेस्ट केली म्हणून कळलं. पूर्ण चार्ज केली, ३० अँपिअरचा लोड लावला, घड्याळ लावून बसलो. १५० एएच म्हणजे पाच तास चालायला पाहिजे. दुसरी पाच तास सहा मिनिटं चालली. ही तीन तास छप्पन्न मिनिटांत बीएमएसने बंद, म्हणजे ११८ एएच. विकणारा आधी म्हणाला तुमचा मीटर चुकला, मग व्हिडिओ मागितला, मग तीन आठवडे गप्प. शेवटी बदलून दिली कारण माझ्याकडे दर पंधरा मिनिटांचं व्होल्टेज लिहिलेला कागद होता. तेव्हा बोटीवर चढवायच्या आधी घरी टेस्ट करा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा.

मीटरचं राहिलं. लेड-ॲसिडला निदान व्होल्टेजवरून अंदाज येतो, दोन-तीन तास काही न चालवता ठेवली आणि १२.७ दाखवलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जवळजवळ एका रेषेत असतं, त्यावरून काहीही कळत नाही, आणि मग एकदम कड्यावरून खाली. शंट, म्हणजे बॅटरीतून आला-गेलेला करंट मोजणारं उपकरण, लागतोच. मी व्हिक्ट्रॉनचा स्मार्टशंट लावलाय, ५०० अँपिअरचा, फोनवर ब्लूटूथने सगळं दिसतं, पाचपैकी पाच. फक्त बॉक्समधून काढून तसाच जोडू नका. त्यात कपॅसिटी २०० एएच आणि पॉयकर्ट (घाईने काढल्यावर एएच किती कमी मिळतात तो आकडा) १.२५ असं लेडच्या हिशोबाने धरलेलं असतं, लिथियमला १.०५ टाकायचं आणि चार्ज एफिशियन्सी ९९. आणि निगेटिव्हच्या सगळ्या वायरी शंटच्या पलीकडच्या बाजूला, एकही सरळ बॅटरीला नाही, बिल्ज पंपाची पण नाही. माझी सोलरची एक निगेटिव्ह चुकून बॅटरीला राहिली होती आणि महिनाभर मीटर ४० टक्के दाखवत होता तर बॅटरी फुल.

पॅरलल जोडताना पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या, तिरपं, नाहीतर पहिली बॅटरी राबते आणि शेवटची बसून खाते. जुनी आणि नवी एकत्र तर अजिबात नाही, जुनी नवीला पण घेऊन बुडते.

तर मग कोणी काय घ्यावं. बोट जेट्टीला, शोअर पॉवर आहे, झाकण उघडून पाणी टाकायला हात पोहोचतो, तर आजही मी डोळे झाकून टी-१०५ घेईन, लिथियमवर जास्तीचा खर्च करणार नाही. शोअर पॉवर आहे पण बॅटऱ्या अशा कोपऱ्यात की झाकण उघडता येत नाही, किंवा कप्प्याला वर हवा जायची नीट सोय करता येत नाही, तिथे एजीएम. बोट बोयावर नाहीतर नांगरावर, सोलरवर जगणारी, तिथे लिथियम, पण डीसी-डीसी, क्लास टी आणि शंट या तिघांचा खर्च बॅटरीच्या किमतीतच धरून, आणि तो परवडत नसेल तर फ्लडेड घेऊन सोलर दुप्पट करा. कमी बॅटरी जास्त सोलर हे नेहमी जास्त बॅटरी कमी सोलरपेक्षा बरं पडलंय. आणि 'लेझर' लिहिलेली, सीसीए छापलेली, वीस किलोची कोणी देत असेल तर फुकट पण आणू नका.

लेड घेत असाल तर तयार झाल्याची तारीख बघायला विसरू नका, बहुतेक बॅटऱ्यांवर टर्मिनलजवळ ठोकलेली किंवा स्टिकरवर कोडमध्ये असते. दुकानात सहा महिने चार्ज न करता पडलेली फ्लडेड बॅटरी घरी येईपर्यंतच अर्धी सल्फेट झालेली असते. दुकानातच मीटर लावा, १२ व्होल्टची बॅटरी १२.४ च्या खाली दाखवत असेल तर दुसरी मागा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू दे.

माझ्या त्या फ्रीजचा दरवाजाचा रबर मात्र गेल्या महिन्यात बदलला आणि रोजचे ५० एएच ३८ वर आले. हे मी पहिल्या बॅटरीच्या आधीच करायला पाहिजे होतं. तुम्ही बॅटरी बघायला जायच्या आधी फ्रीजच्या दारात एक कागद अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर पहिला खर्च तिथे करा.